पाण्यावरच्या शर्यतींचा इतिहास

पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाहीं, असें आपण म्हणतों. यंत्रनौकांच्या शर्यतींना हें म्हणणें अक्षरशः लागू पडतें. घोड्यांच्या शर्यतीचें मैदान शर्यत संपल्यावरहि मागें राहतें. जुन्या किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी त्याचा पाया जमिनींत सांपडतो. नौका मात्र पुढें गेली कीं थोड्याच वेळांत पाणी पूर्ववत् स्थिर होतें. म्हणून या खेळाचा इतिहास ज्याला राखावयाचा आहे, त्याला तो स्थळांत शोधून भागत नाहीं. तो वस्तूंत, कागदांत आणि माणसांच्या स्मरणांत शोधावा लागतो. अमेरिकेंत गेल्या साठ वर्षांत असा शोध घेणाऱ्या हौशी माणसांचा एक वर्गच तयार झाला आहे. ही मंडळी काय राखते, कसें राखते, आणि राखतां राखतांच इतिहास पुसला जाण्याचा कोणता धोका तिला टाळावा लागतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

‘आउटबोर्ड मोटर’ या नांवानें कोणीं बिचकूं नये. साध्या होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवावयाचें आणि काम झालें कीं काढून घरीं न्यावयाचें असें हें लहानसें इंजिन होय. वर इंजिन, मध्यें पाण्यांत उतरणारा दांडा, तळाशीं पंखा, अशी त्याची रचना असते. हें संपूर्ण यंत्रच डावीउजवीकडे वळवून होडीला दिशा देतां येते, त्यामुळें निराळ्या सुकाणूची गरज उरत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांमागें तें आज सर्वांच्या परिचयाचें झालें आहे.

या यंत्राच्या जन्माची एक लोकप्रिय गोष्ट आहे. ओले एव्हिन्रूड हा नॉर्वेंत १८७७ सालीं जन्मला व लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंत गेला. पुढें तो विस्कॉन्सिन राज्यांतील मिल्वॉकी शहरीं यंत्रकार झाला. एका उन्हाळ्यांत तळ्याकांठीं वनभोजन चाललें असतां त्याच्या भावी पत्नीला, बेसला, आइस्क्रीम हवेंसें वाटलें. ओले वल्हीं मारीत तळ्यापलीकडे गेला, आणि परत येईतों आइस्क्रीम वितळून गेलें. त्या श्रमांतून त्याला यंत्राची कल्पना सुचली, असें सांगतात. गोष्ट गोड आहे व असंख्य वेळां छापली गेली आहे. निश्चित म्हणावें तें एवढें कीं, १९०९ सालीं एव्हिन्रूडचीं यंत्रें विक्रीस आलीं. त्यांची शक्ति दीड अश्वशक्ति व वजन ६२ पौंड होतें, आणि धंद्याची कचेरी व जाहिराती बेस सांभाळीत असे. शिवाय त्यापूर्वींच कॅमेरॉन वॉटरमन या गृहस्थानें डेट्रॉइट येथें याच जातीचें यंत्र बनविलें होतें व १९०७ मध्यें त्याचें पेटंटहि मिळविलें होतें. आवडती गोष्ट आणि पुरावा यांतील हें अंतर ध्यानांत ठेवूनच पुढें जावयास हवें. कारण शर्यतींच्या इतिहासांत अशा गोष्टींचा सुकाळ आहे.

प्रारंभीं हें यंत्र मासे धरणाऱ्यांच्या व तळ्यांवर हिंडणाऱ्यांच्या सोईसाठीं होतें. १९२१ च्या सुमारास एव्हिन्रूडनेंच ॲल्युमिनियमचा पुष्कळ वापर करून ‘एल्टो’ नांवाचें हलकें, दोन सिलिंडरांचें यंत्र काढलें. त्यापाठोपाठ १९२२ मध्यें इंडियाना राज्यांतील जॉन्सन बंधूंनीं सुमारें ३५ पौंडांचें यंत्र बाजारांत आणलें. वजन उतरलें, शक्ति वाढली, आणि दोन होडीवाले एका तळ्यावर भेटले म्हणजे जें व्हावयाचें तेंच झालें. १९२८ मध्यें एल्टोचें चार सिलिंडरांचें यंत्र आलें, तोंपर्यंत शर्यतींचा खेळ चांगलाच रंगांत आला होता. सिलिंडरांच्या आकारमानावरून यंत्रांचे वर्ग पाडण्यांत आले: १९३० च्या सुमारास ए वर्गाचीं यंत्रें साधारण १४ घनइंचांचीं, बी वर्गाचीं २०, सी वर्गाचीं ३०, आणि एफ वर्गाचीं ६० घनइंचांचीं असत. त्यामुळें लहान यंत्राचा धनी मोठ्यापुढें हतबल होत नसे.

त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीवर ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारें १३० मैलांची शर्यत होत असे. वाहून आलेले लांकडाचे ओंडके आणि थंडगार पाणी यांना तोंड देत शर्यतवाले आपल्या इवल्याशा नौका हांकीत. न्यूजर्सीचा फ्रेड जेकोबी स्वतः नौका बांधी आणि स्वतःच शर्यती जिंकी. कॅलिफोर्नियाच्या लॉरेटा टर्नबुल या तरुणीनें पुरुषांच्या बरोबरीनें शर्यती केल्या व त्यांत नांव मिळविलें. लहान तळ्यांवरील शर्यतींत पाण्यांत तरंगत्या खुणा मांडून लंबवर्तुळाकृति मार्ग आंखीत. चालक आसनावर न बसतां गुडघे टेकून वांकलेला असे. आरंभासाठीं नौका जागच्या जागीं उभ्या न ठेवतां कांठावर एक मोठें घड्याळ लावीत. कांटा शून्यावर येतांच पूर्ण वेगानें रेषा ओलांडावयाची. क्षणभर आधीं ओलांडली तर शर्यत गेली, क्षणभर उशीर झाला तर पुढच्या नौकांचे तुषार तोंडावर घ्यावयाचे, असा हा खेळ. कांठावर घड्याळ लावून धांवती सुरुवात देण्याची ती रीत आजहि चालू आहे.

या खेळाचे उच्चांक पुस्तकांत सांपडतात. १९५८ मध्यें सिॲटलजवळील वॉशिंग्टन सरोवरावर ह्यूबर्ट एन्ट्रॉप यानें मर्क्युरी यंत्र लावून ताशीं १०७ मैलांहून अधिक वेग गांठला. पुढें १९६० मध्यें त्यानेंच प्रतिस्पर्धी एव्हिन्रूडचें यंत्र लावून ताशीं १२२ मैलांची मर्यादा ओलांडली. परंतु आंकडा ‘किती’ एवढेंच सांगतो, ‘कसें’ हें सांगत नाहीं. तें उत्तर यंत्राच्या पोटांत असतें, आणि इतिहास राखण्याची खरी अडचण तेथेंच सुरू होते.

शर्यतीचें यंत्र आणि कारखान्यांतून आलेलें यंत्र हीं एक नव्हेत. या दोन धांवांच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीला छिद्रें असतात. आंतला दट्ट्या वरखालीं होतांना तीं उघडतो व झांकतो. एकांतून ताजा वायु आंत येतो, दुसऱ्यांतून जळलेला बाहेर जातो. छिद्राची उंची जवभर वाढविली कीं यंत्राचा सगळा स्वभाव पालटतो. शर्यतवाले रात्र रात्र जागून कानशीनें हीं छिद्रें कोरीत, दट्ट्ये घांसून हलके करीत, धूर सोडण्याच्या नळ्यांची लांबी बदलून पाहत. इलिनॉय राज्यांतील क्विन्सी गांवच्या ओ. एफ. क्रिस्टनर याच्या वेल्डिंगच्या कारखान्यांत तर मर्क्युरी यंत्रांत वायु खेळविण्याची रीतच बदलून टाकण्यांत आली व त्यांतून नव्या जातीचीं यंत्रें निघालीं. बर्लिनच्या कोनिग कारखान्याच्या नौकायंत्राची कथा याहून अद्भुत आहे. न्यूझीलंडचा किम न्यूकम यानें तें मोटारसायकलींत बसविलें आणि १९७३ च्या जागतिक स्पर्धेंत ५०० सी. सी. च्या वर्गांत दुसरें स्थान मिळविलें. तें स्थान जाहीर झालें तेव्हां अपघातामुळें तो जगांत नव्हता. असलें ज्ञान कारखान्याच्या यादींत लिहिलेलें नसे. प्रतिस्पर्ध्याला कळूं नये म्हणून तें मुद्दामच कोठेंहि लिहीत नसत. धातूवरील कानशीच्या खुणा हाच त्याचा एकमेव लेख होय.

हा लेख नष्ट होण्यास वेळहि फारसा लागत नाहीं, आणि त्याचें एक कारण त्या यंत्रांच्या इंधनांत आहे. पुष्कळ शर्यतींत पेट्रोलऐवजीं मेथॅनॉल हा मद्यार्क जाळीत. खनिज तेल त्यांत विरघळत नाहीं; म्हणून वंगणासाठीं त्यांत एरंडेल मिसळावें लागे. लहानपणीं नाक दाबून घोटलेलें तेंच हें एरंडेल! त्याच्या उत्पादनांत आज भारताचा क्रम जगांत पहिला आहे. तें जळाल्याचा गोडसर उग्र वास जुन्या शर्यतवाल्यांना इतका प्रिय कीं, तो आला कीं त्यांना तारुण्य आठवतें. परंतु यंत्र न धुतां ठेवून दिलें तर एरंडेलाचा रोगणासारखा थर आंत जमून भाग चिकटून बसतात. मेथॅनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें; त्यामुळें पोलादी बेअरिंगें गंजतात व ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. शेवटची शर्यत झाल्यावर कोपऱ्यांत टाकलेलें यंत्र अशा रीतीनें आंतल्या आंत स्वतःलाच खात असतें.

कारखान्यांनीं हा वारसा सांभाळला असता, असें कोणी म्हणेल. पण कारखाने तरी कोठें अमर आहेत? एव्हिन्रूड, जॉन्सन इत्यादि नांवें १९३६ पर्यंत एका मोठ्या कंपनीच्या छत्राखालीं आलीं. त्या कंपनीचें दिवाळें २००० सालच्या डिसेंबरांत निघालें. नवीन मालकांनीं एव्हिन्रूड यंत्रें कांहीं वर्षें चालू ठेवलीं, परंतु २०२० मध्यें त्यांचीहि निर्मिति थांबविली. ज्या नांवानें हा धंदा जगभर पोंचला, तें नांव धारण करणारें नवें यंत्र आतां कोठल्याहि कारखान्यांतून बाहेर पडत नाहीं. अशा वेळीं राखणीचा भार सामान्य माणसांच्या खांद्यावर येतो.

तो त्यांनीं उचललाहि आहे. १९६५ मध्यें अमेरिकेंत जुन्या आउटबोर्ड यंत्रांच्या संग्राहकांचा एक क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद तळ्यांकांठीं जमून जुनीं यंत्रें चालवितात, सुटे भाग व माहितीपत्रकें यांची देवघेव करितात. कनेक्टिकट राज्यांतील मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयानें १९८४ मध्यें रोझेनफेल्ड घराण्याचा प्रचंड छायाचित्रसंग्रह मिळविला. शिडाच्या जहाजांबरोबर यंत्रनौकांचींहि चित्रें त्यांत आहेत. वॉशिंग्टन राज्यांतील केंट येथें शर्यतींच्या नौकांना वाहिलेलें एक संग्रहालय असून तेथें जुन्या नौका दुरुस्त करून पुन्हां पाण्यावर नेतात.

तथापि या उत्साहांतच एक धोका दडलेला आहे. जुनें यंत्र हातीं आलें कीं त्याला नव्यासारखें चकचकीत करावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. मग कोरलेला सिलिंडर काढून त्याजागीं कारखान्याचा मूळ सिलिंडर बसवितात. हातानें ठोकून केलेली नळी फेंकून देतात. होडीच्या अंगावरचा झिजलेला आंकडा खरवडून नवा रंग देतात. यंत्र देखणें होतें खरें. पण तें आतां शर्यतीचें यंत्र राहत नाहीं, तें दुकानांतलें यंत्र होतें. होडीवरील आंकडा हा तर जुन्या छायाचित्रांत ती ओळखण्याचा मुख्य आधार. तो गेला म्हणजे नौकेचा व छायाचित्राचा संबंध कायमचा तुटतो. जुन्या मूर्तीवर तैलरंग फांसणारा भाविक आणि असा कारागीर यांच्या हेतूंत खोट नसते. पण नुकसान दोघांकडून सारखेंच होतें.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. यंत्र चालवावें कीं काचेच्या कपाटांत ठेवावें? चालविलें तर तें झिजतें, आणि क्वचित् एका क्षणांत फुटून जातें. न चालविलें तर त्याचा आवाज, त्याचा वास, तें सुरू करण्याची हातोटी आणि वळणावर नौका सांभाळण्याची रीत हें सर्व एका पिढींत लोपतें. सतार भिंतीवर टांगून ठेवल्यानें सतार राहील, वादन राहणार नाहीं. यावर जाणत्या संग्राहकांनीं काढलेला मार्ग व्यवहाराला धरून आहे. ज्या यंत्रावरील खुणा अद्वितीय आहेत, तें उघडून, मोजून, स्वच्छ करून व तेल देऊन जपावें. चालविण्यासाठीं त्याच जातीचें दुसरें यंत्र घ्यावें, आणि झिजणारे भाग नवे घडवून त्यांत बसवावे. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून ठेवावा. हत्यार लावण्यापूर्वीं यंत्राचें छायाचित्र घ्यावें, क्रमांकाची पट्टी उतरून घ्यावी, छिद्रांचीं मापें लिहावीं. कामाचा हा क्रम उलटा झाला तर मागाहून कितीहि पश्चात्ताप केला तरी तीं मापें परत मिळत नाहींत.

कागदांची व स्मरणाची गोष्टहि अशीच आहे. शर्यतीच्या दिवशीं वांटलेला कार्यक्रमपत्रिकेचा कागद, नियमांचें पुस्तक, सुट्या भागांची पावती, पेटींत राहिलेलीं छायाचित्रें हीं घर आवरतांना सर्वांत आधीं रद्दींत जातात. छायाचित्र राहिलें तरी त्यांतील माणूस कोण व तळें कोणतें हें सांगणारा गेला, म्हणजे तें केवळ कोणा एकाचें चित्र उरतें. म्हणून छायाचित्राच्या मागें मऊ पेन्सिलीनें नांव, स्थळ व साल लिहून ठेवणें हें अगदीं साधें काम मोठमोठ्या संग्रहालयांच्या खर्चाहून मोलाचें ठरतें. वृद्ध शर्यतवाल्यांचीं व यंत्रकारांचीं भाषणें ध्वनिमुद्रित करणेंहि तितकेंच निकडीचें आहे. त्यांच्या सांगण्यांत अतिशयोक्ति असेल, कालक्रम चुकेल, दोघांच्या आठवणी परस्परांशीं जुळणार नाहींत. तरीहि सिलिंडरावरची एखादी खूण कां केली, हें सांगणारा दुसरा कोणी नाहीं. सांगितलेलें जसेंच्या तसें नोंदावें, आणि मग धातूशीं व कागदाशीं ताडून पाहावें. खूण, कागद व आठवण या तिन्ही साक्षी जेथें जुळतात, तेथें इतिहास निर्वेधपणें लिहितां येतो.

महायुद्धापूर्वींच्या शर्यतींत उतरलेली पिढी आतां बहुतेक मावळली आहे. १९५० नंतर ज्यांनीं कानस हातीं घेतली, तेहि वार्धक्याला पोंचले आहेत. यंत्रें अजून दहावीस वर्षें कोपऱ्यांत वाट पाहूं शकतील. माणसांच्या बाबतींत तितका धीर धरतां येणार नाहीं. म्हणून जुन्या यंत्राचा पहिला बोल्ट फिरविण्यापूर्वीं, तें ज्यानें चालविलें त्याच्या घरीं जाऊन त्याला चार प्रश्न विचारणें, हीच या जतनाची पहिली पायरी होय.