टायमिंग बेल्ट: आवाज येईपर्यंत थांबू नका

‘गाडी मस्त चालतेय. आवाज नाही, धूर नाही, ॲव्हरेजही देतेय. मग बेल्ट कशाला बदलायचा?’ सर्व्हिस ॲडव्हायझरने टायमिंग बेल्टचं एस्टिमेट पुढे केलं की बहुतेक गाडीमालक हेच विचारतात. त्यांचा संशय बिनबुडाचा नाही. इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण अशी न मागितलेली कामं बिलात घुसवणारी सर्व्हिस सेंटर अनेकांनी अनुभवलेली आहेत. त्यामुळे हाही त्यातलाच खर्च समजून ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हटलं जातं. एस्टिमेटमधली बाकीची निम्मी कामं खुशाल खोडा, पण बेल्टची तारीख किंवा किलोमीटर भरले असतील तर हे एक काम पुढे ढकलू नका.

कारण इंजिनाच्या पोटात आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची नेमकी एक फेरी व्हावी, हे प्रमाण हा दातेरी बेल्ट राखतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर पोचेपर्यंत त्याने वाटेतून बाजूला झालेलं असावं लागतं. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि गाडीच्या वेगामुळे फिरत राहिलेले पिस्टन त्यांच्यावर येऊन आदळतात. अशा रचनेला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. जवळपास सगळी डिझेल आणि आजची बहुतेक पेट्रोल इंजिनं याच प्रकारची आहेत. व्हॉल्व्ह वाकतात, कधी कॅमशाफ्ट मोडतो, कधी पिस्टनलाच खड्डे पडतात. हेड उतरवावं लागतं आणि ज्या खर्चाला आपण नाही म्हटलं होतं त्याच्या कितीतरी पट बिल येतं.

‘तुटायच्या आधी आवाज करेल की!’

हा सगळ्यात घातक गैरसमज, आणि तो होतो दोन वेगवेगळ्या बेल्टांच्या गोंधळातून. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केल्यावर जो ‘कीईई’ असा आवाज येतो, तो बाहेरच्या बेल्टचा. आपण त्याला सवयीने फॅन बेल्ट म्हणतो. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर तो फिरवतो, आणि सैल झाला की घसरून ओरडतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो. त्याला दाते असल्यामुळे तो पुलीवर तसा घसरत नाही, म्हणून ओरडतही नाही. त्या बाजूने घरघर ऐकू आलीच, तर ती बहुधा टेन्शनरच्या किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगची असते. ती ऐकू आली तर त्याच दिवशी गाडी दाखवा. पण ती ऐकू येईलच, या भरवशावर राहू नका.

‘कव्हर काढून पाहिलं, बेल्ट नव्यासारखा दिसतोय’ हेही पुरेसं नाही. पूर्वीच्या बेल्टांना भेगा दिसायच्या. आताचं रबर जास्त टिकाऊ असतं आणि वरून शेवटपर्यंत चांगलं दिसू शकतं. ताण पेलतात ते रबराच्या आतले काचतंतूंचे दोर, आणि ते थकलेत का हे डोळ्यांना दिसत नाही. दात्यांच्या बुडाशी पडलेली बारीक चीरसुद्धा बेल्ट काढून उलटा वाकवल्याशिवाय कळत नाही. वरच्या बाजूने ऑइल किंवा कूलंट झिरपून बेल्टवर आलं असेल, तर मात्र पाहण्याचा उपयोग होतो: असा बेल्ट किलोमीटर न मोजता बदलायचा, आणि आधी ती गळती थांबवायची.

जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलमध्ये मीटरवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा लागतो. पुष्कळांना वाटतं, आत बेल्ट तपासणारा सेन्सर आहे. तसं काही नाही. तो दिवा किलोमीटर मोजून लागतो आणि बेल्ट बदलल्यावर हाताने रीसेट करावा लागतो. याचा अर्थ बेल्ट न बदलताही कुणी तो विझवू शकतो. सेकंडहँड इनोव्हा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘माझी गाडी जास्त फिरतच नाही’

कंपनी मॅन्युअलमध्ये दोन आकडे देते: किलोमीटर आणि वर्षं. जे आधी भरेल ते धरायचं. किलोमीटरचा आकडा इंजिनागणिक बदलतो, साधारण ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही. आठ-नऊ वर्षांत ३५ हजार किलोमीटर झालेल्या घरगुती गाडीचा मालक निर्धास्त असतो, पण रबर उभ्या गाडीतही उष्णतेने आणि वयाने कडक होत जातं.

शहरात चालणाऱ्या गाडीत किलोमीटरचा आकडाही फसवा असतो. हायवेला ताशी ८० च्या वेगाने, २,००० आरपीएमवर इंजिन तासाला १ लाख २० हजार फेऱ्या मारतं, म्हणजे किलोमीटरमागे १,५००. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत ताशी १५ ची सरासरी आणि १,२०० आरपीएम धरले, तर किलोमीटरमागे ४,८०० फेऱ्या होतात. मीटरवर तोच एक किलोमीटर, बेल्टचं काम मात्र तिपटीहून जास्त. त्यात धूळ आणि बॉनेटखालची उष्णता. खडतर वापरासाठी मॅन्युअलमध्ये वेगळा, कमी आकडा दिलेला असेल, तर आपल्याकडच्या शहरी गाडीला तोच लागू आहे असं माझं ठाम मत आहे.

‘हल्ली सगळ्या गाड्यांत चेनच असते’

नसते. आणि बेल्ट म्हणजे जुनं किंवा स्वस्त तंत्र, असंही नाही. दातेरी बेल्टवर कॅमशाफ्ट चालवणारी, मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली कार १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आणली. आपल्याकडे मारुती ८०० मध्ये बेल्ट होता, आणि आजच्या कुशाक, टायगुन, व्हर्टस, स्लाव्हियाच्या एक लिटर टीएसआय इंजिनातही बेल्टच आहे. हॅरियरच्या दोन लिटर डिझेलमध्येही. उलट स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनात चेन होती. गडबड होते ती इथेच: स्विफ्ट डिझेल वापरलेला माणूस डस्टर डिझेल घेतो आणि डस्टरच्या दीड लिटर इंजिनात बेल्ट आहे हे त्याच्या गावीही नसतं. तेव्हा कंपनीच्या नावावर किंवा मॉडेलवर जाऊ नका, इंजिन कोणतं ते पाहा. २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या डिझेलमध्ये कोरडा बेल्ट होता, तर एक लिटर इकोबूस्टमध्ये ऑइलमध्ये भिजत चालणारा. या ओल्या बेल्टचं आयुष्य ऑइलवर अवलंबून. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा ते वेळेवर बदललं नाही, तर रबराचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

चेनवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. चेन आणि तिचा टेन्शनर ऑइलवर जगतात. थंड इंजिन चालू करताना पुढून खडखड येत असेल तर ती दाखवून घ्यावी.

‘बेल्टच बदलायचाय, मग हे बाकीचं कशाला?’

इथे मालक आणि सर्व्हिस सेंटर दोघंही चुकतात. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर पुली बदलायच्याच असतात. अनेक इंजिनांत वॉटर पंपही हाच बेल्ट फिरवतो. त्या सगळ्यांची बेअरिंगं बेल्टइतकीच चाललेली असतात. नाशिकच्या एका परिचितांनी डिझेल हॅचबॅकचा बेल्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतला. बिलावर ‘टायमिंग बेल्ट किट’ असं होतं, त्यांना वाटलं त्यात सगळं आलं. वर्षभराने कसाऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. उघडल्यावर कळलं, पंप जुनाच होता. त्याचं बेअरिंग जाम झालं आणि त्याने नव्या बेल्टचे दाते सोलून काढले. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की किटमध्ये पंप येत नाही, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. पण पंप त्याच बेल्टवर फिरतो, हे सांगायची जबाबदारी कुणाची होती? मजुरी सगळी पुढची बाजू उघडण्याची असते. एकदा उघडल्यावर पंप आणि कूलंटचा जादा खर्च त्या मानाने थोडा असतो.

‘बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते’

सरसकट जात नाही. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. पण त्या आदेशातलं एक सूत्र प्रत्येक गाडीमालकाला माहीत हवं: ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणाने पूर्ण वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. शिवाय बेल्टची वेळ येईपर्यंत बहुतेक गाड्यांची वॉरंटी संपलेलीच असते.

खरा प्रश्न शोरूम की गॅरेज हा नाही, ते काम कसं करतात हा आहे. चांगला मेकॅनिक जुना बेल्ट काढण्याआधी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट त्या इंजिनासाठी बनवलेल्या लॉकिंग पिनांनी जखडतो. खडूच्या किंवा व्हाइटनरच्या खुणांवर भिस्त ठेवत नाही. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवे घालतो आणि टॉर्क रेंचने आवळतो. मग पिना काढून पाना लावून हातानेच इंजिनाला दोन पूर्ण फेरे देतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक पुरी होते, म्हणजे सगळं परत मूळ जागी यायला हवं. पिना पुन्हा आपापल्या भोकांत सरकल्या, तरच सेल्फ मारायचा. ‘तुमच्याकडे या इंजिनाच्या पिना आहेत का?’ एवढं एकच विचारा. उत्तर द्यायला जो घुटमळतो त्याच्याकडे गाडी सोडू नका, मग बाहेर बोर्ड कुणाचाही असो.

शोरूममध्ये गाडी दिली तरी जॉब कार्डवर प्रत्येक भाग स्वतंत्र लिहून घ्या: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप, कूलंट. जुने भाग परत हवेत, हेही तिथेच लिहायला लावा. काढलेला पंप हातात आला की तो बदलला की नाही, हा वाद उरत नाही. बिलावर पार्ट नंबर आणि किलोमीटर असावेत. काही किटमध्ये तारीख आणि किलोमीटर लिहायचा स्टिकर येतो, तो बॉनेटखाली चिकटवून घ्या. पुढे काही बिघडलं तर तोंडी भांडण्यापेक्षा ही कागदपत्रं जोडून लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते.

‘काही झालंच तर इन्शुरन्स आहे’

नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळून होणारं नुकसान यांसाठी असतं. जुना होऊन तुटलेला बेल्ट त्यात बसत नाही.

चालत्या गाडीचं इंजिन अचानक गप्प झालं, आणि सेल्फ मारल्यावर ते नेहमीपेक्षा हलकं, भराभर फिरतंय पण घेत नाही असं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. चार माणसं जमवून धक्काही देऊ नका, कारण प्रत्येक फेरीला पिस्टन त्याच व्हॉल्व्हवर आदळू शकतात. गाडी कडेला घ्या आणि टोइंग बोलवा. आणि जुनी गाडी विकत घेत असाल, तर बेल्ट बदलल्याचं बिल मागा. ‘मागच्या वर्षीच केलाय’ हे शब्द बिलाशिवाय धरू नका. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच समजा, किटचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करा आणि गाडी नावावर झाल्यावर पहिलं काम ते करून घ्या.