संयुक्त की विभक्त? सँडर घेण्यापूर्वी

इथे अमेरिकेत गराजमध्ये सुतारकाम करणारी आपली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास निघतो: बेल्ट आणि डिस्क एकत्र असलेला सँडर घ्यावा, की वेगवेगळी यंत्रे घ्यावीत? माझा पेशा सॉफ्टवेअरचा, डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली आणि हौस लाकडाची. मी या प्रश्नाकडे किमतीपासून नव्हे, तर करायच्या वस्तूच्या आकारापासून पाहतो.

बेल्ट सरळ धावतो. लाकडाच्या रेषांना समांतर धरल्यास त्याचे ओरखडे रेषांतच लपतात. डिस्क गोल फिरते, त्यामुळे तिचे ओरखडे वाकडे उमटतात आणि वेगही सर्वत्र सारखा नसतो. बारा इंची डिस्क मिनिटाला १७२५ फेरे घेत असेल, तर कडेचा वेग मिनिटाला सुमारे ५४०० फूट असतो, मध्यापासून तीन इंचांवर त्याच्या निम्मा आणि मध्याशी शून्य. शिवाय डिस्क ज्या बाजूला खाली उतरते, तेवढीच बाजू वापरायची. दुसऱ्या बाजूला ती लाकूड वर उचलून भिरकावते. म्हणजे सहा इंची डिस्कवर कामाची रुंदी तीन इंचांहूनही कमी! राहिला स्पिंडल, म्हणजे सँडपेपर चढवलेला उभा ड्रम. तो आतल्या वळणांसाठी.

आपल्या घरातल्या वस्तूंवरून सांगायचे तर पाटाच्या लांब कडा बेल्टवर, पोळपाटाची गोल कड डिस्कवर आणि देवघराची कमान आतून स्पिंडलवर.

आता 'संयुक्त' यंत्रांत दोन जाती आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिल्या जातीत बेल्ट आणि डिस्क एकाच मोटरवर कायम बसवलेले असतात. बदलाबदल काही नाही. पण दोन्हींना मिळून जागा एक आणि मोटर एक. मोठी फळी बेल्टवर धरताना डिस्कचे टेबल किंवा मोटर आडवी येऊ शकते. दुसऱ्या जातीत बेल्ट काढून त्या जागी स्पिंडल लावायचा असतो. अदलाबदल चार-पाच मिनिटांची, पण टेबल पुन्हा गुण्या लावून काटकोनात आणण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो. वर्षाला एखादे देवघर करणाऱ्याला हे काहीच नाही. पण दर शनिवारी कमानी आणि सरळ कडा आलटून पालटून करणाऱ्याचा बराच वेळ त्यातच जाऊ शकतो.

किमतीहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले. पुरावा मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांचा, विशेषतः नाकाच्या कर्करोगाचा आहे. हौशी माणसाची धूळ त्या मानाने थोडी. पण आपले गराज घराला लागून असते आणि बारीक धूळ दाराच्या फटीतून मुलांच्या खोलीपर्यंत जाते. म्हणून दुकानात यंत्राच्या हॉर्सपॉवरआधी धुळीचे तोंड बघा. चार इंची तोंडाचे क्षेत्रफळ अडीच इंचीच्या अडीचपट असते. धूळ ओढणारे यंत्र आणि मास्क यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यांत सँडर बसवा. आणि धूळ ओढणारे यंत्र जोडलेले असताना त्या सँडरवर छिन्नी किंवा सुरी कधीही घासू नका. ठिणगी भुशात गेली तर आग लागते.

माझा सल्ला असा. टेबलाच्या सपाट पृष्ठभागाला यांतले एकही यंत्र उपयोगी नाही. त्यासाठी हातात धरायचा रँडम ऑर्बिटल सँडर प्रथम घ्या. नंतर एका कागदावर येत्या वर्षात करायच्या वस्तू लिहा आणि प्रत्येकीसमोर सरळ कड, बाहेरचे वळण, आतले वळण अशा खुणा करा. एकच रकाना भरला तर त्या एका कामाचे चांगले, मोठे यंत्र घ्या. तिन्ही थोडे थोडे भरले आणि गराजमध्ये गाडीही ठेवायची असेल, तर संयुक्त यंत्रच बरे. एकाच वस्तूत दोन रकान्यांमध्ये वारंवार ये-जा होत असेल, तेव्हा मात्र बिऱ्हाडे वेगळी केलेली चांगली.