जुन्या घराचे न्हाणीघर : दुरुस्ती कुठून सुरू करावी आणि कुठे थांबावे

चेन्नई : गळणारा नळ ही घरातील सर्वांत किरकोळ तक्रार मानली जाते. चेन्नईत मात्र तिचा हिशेब निराळा आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळावरम, पुळल (रेड हिल्स) आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्या वर्षी १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी शहरात आली. तिच्या ५० वाघिणींत प्रत्येकी ५० हजार लिटर, म्हणजे एकूण २५ लाख लिटर पाणी होते. एखाद्या नळातून तासाला एक लिटर पाणी ठिबकत असेल, तर वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. असे सहा नळ वर्षभरात त्या गाडीतील एका वाघिणीइतके पाणी मोरीत घालवतात.

ही गळती थांबवण्याचे बरेचसे काम घरमालकाला स्वतः करता येते. मात्र ट्रिप्लिकेन, मैलापूर किंवा जॉर्ज टाउनसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांत चुकीच्या जागी लावलेला जोर दहा रुपयांच्या कामाचे रूपांतर भिंत फोडण्याच्या कामात करू शकतो. म्हणून अशा घरात स्वतः काय करावे, याइतकेच कशाला हात लावू नये, हे कळणे महत्त्वाचे ठरते.

आधी पाण्याची वाट ओळखा

चेन्नईतील जुन्या घरात पाणी सहसा दोन वाटांनी येते. पहिली वाट चेन्नई महानगर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाच्या वाहिनीची. १९७८ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ बोलीभाषेत ‘मेट्रोवॉटर’ म्हणून ओळखले जाते. त्याचे पाणी जमिनीखालच्या हौदात, म्हणजे ‘सम्प’मध्ये साठते आणि मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. दुसरी वाट कूपनलिकेची. हे पाणी अनेक ठिकाणी जड व क्षारयुक्त असते. शहराच्या उत्तरेकडील मिंजूर परिसरात भूजलाच्या अतिउपशामुळे समुद्राचे पाणी आत शिरल्याची नोंद काही दशकांपूर्वीच झाली आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराला मंडळाचे आणि न्हाणीघराला कूपनलिकेचे पाणी दिलेले असते. त्यामुळे क्षारांचा सगळा मारा न्हाणीघरातील नळ, झडपा आणि गीझरवर होतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गच्चीवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या वाहिन्या मोजाव्यात. प्रत्येक वाहिनीवरील चावी बंद केल्यावर कोणते नळ थांबतात, ते पाहून चावीवर रंगाने खूण करावी. वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी अडकलेली असण्याची शक्यता असते. ती जोराने न फिरवता थोडी पुढे, थोडी मागे अशी सैल करत न्यावी. ती पूर्ण बंद होत नसेल, तर नळ उघडण्याआधी ती बदलून घ्यावी. पाणी खात्रीने बंद करता येते, तेवढीच दुरुस्ती घरी करावी.

ठिबकणारा नळ

जुन्या पितळी नळात दांडी फिरवल्यावर तळाचा वायसर बैठकीवर दाबला जातो आणि पाणी थांबते. नळ बंद असताना तोटीतून ठिबकत असेल, तर दोष बहुधा वायसरचा असतो. नळ चालू असताना दांडीच्या मुळाशी पाणी येत असेल, तर तिच्याभोवतीचे भरण सैल झालेले असते. अशा वेळी वरचा नट पाव फेरा आवळून पाहावा.

वायसर बदलताना चावी बंद करून नळातील उरलेले पाणी काढून टाकावे. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे, म्हणजे लहान स्क्रू निचऱ्यात जाणार नाहीत. मग एका पान्याने नळाचे अंग घट्ट धरून दुसऱ्या पान्याने वरचा भाग उघडावा. पहिल्या पान्याचा आधार वगळला, तर सगळा पीळ भिंतीतल्या सांध्यावर जातो. जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणावा. बसवण्यापूर्वी आतल्या बैठकीवरून बोट फिरवावे. ती खडबडीत किंवा खड्डे पडलेली लागली, तर नवा वायसरही लवकर झिजतो. तेथे नळ बदलणेच योग्य. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचा संच असतो. तो संपूर्ण बदलावा लागतो आणि त्यासाठीही जुना नमुना सोबत नेणे इष्ट.

नळ भिंतीतून काढून नवा बसवायचा असेल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळल्यास नळ आवळताना ती सुटत जाते. जुन्या सांध्यांत टेपऐवजी ताग आणि सफेदा आढळतो. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा थर बसत नाही.

शौचालयाची टाकी

न्हाणीघरातील सर्वांत मोठी गळती बहुधा आवाज न करणारी असते. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून १५ मिनिटे थांबावे. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर तळाची झडप गळते आहे असे समजावे. झडपेचे रबर बदलण्यापूर्वी तिच्या बैठकीवरील क्षारांचा थर पुसून पाहावा. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. टाकीतील पाणी उंच नळीच्या तोंडातून सतत वाहत असेल, तर तरंगत्या गोळ्याची पातळी खाली आणावी. पाणी त्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबले पाहिजे. साखळी ओढून सोडायच्या जुन्या उंच लोखंडी टाकीत तळाला झडप नसते. तेथे दोष प्रामुख्याने गोळ्याच्या झडपेत शोधावा.

जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात, तर दोन कळांच्या नव्या टाक्या तीन आणि सहा लिटर. बचतीसाठी केवळ टाकी बदलण्याचा मोह होतो. मात्र जुने भांडे आणि त्यामागची वाहिनी जास्त पाण्याच्या लोंढ्यासाठी घडवलेली असते. कमी पाण्याने भांडे साफ झाले तरी मैला वाहिनीत अडकून राहू शकतो. म्हणून टाकी व भांडे जोडीनेच बदलणे श्रेयस्कर.

धार बारीक का होते

नळाची धार मंदावली की पाण्याचा दाब कमी झाला, असे समजले जाते. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब मुळातच थोडा असतो. तीन मीटर उंचीमागे तो सुमारे ०.३ बार भरतो. दुकानात आकर्षक दिसणारे अनेक शॉवर याहून अधिक दाबासाठी बनवलेले असतात. ते जुन्या घरात नीट चालत नाहीत, यात प्लंबरचा दोष नसतो.

पूर्वी चांगली असलेली धार आता बारीक झाली असेल, तर अडथळा शोधावा. सगळेच नळ मंद असतील, तर टाकीचे तोंड आणि मुख्य चावी तपासावी. एकच नळ मंद असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. केवळ गरम पाणी मंद येत असेल, तर गीझर व त्याच्या वाहिनीत क्षार साचले असण्याचा संभव मोठा. कारण जड पाणी तापवल्यावर त्यातील चुना वेगळा होऊन थर धरतो. जाळी आणि शॉवरचे तोंड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या पाण्यात भिजवल्यास हा थर सुटतो. पितळी भांडी उजळणारी चिंचही येथे उपयोगी पडते.

तीव्र आम्लाचा वापर मात्र टाळावा. ते क्षारांबरोबर लोखंडी नळावरील जस्त आणि फरश्यांच्या सांध्यांतील सिमेंटही खाते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

दुर्गंधी आणि ‘नहाणी ट्रॅप’

मोरीखाली पाणी अडवून धरणाऱ्या लोखंडी किंवा प्लास्टिकच्या भांड्याला देशभरातील बांधकाम व्यवसायात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मराठीतील ‘न्हाणी’ या नावाने चेन्नईच्या दुकानांतही ओळखू येते. या भांड्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी सतत उभे असते आणि तेच गटारातील वायू व झुरळांना वर येऊ देत नाही. वापरात नसलेल्या न्हाणीघरात उन्हाळ्यात हे पाणी आटते आणि दुर्गंधी सुरू होते. त्यावर उपाय आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याचा. पाणी लवकर वाहून जावे म्हणून आतली वाटी काढून टाकण्याची सवय अनेक घरांत असते. ती वाटी धुऊन पुन्हा जागेवर बसवली, तर बहुतेक तक्रारी मिटतात.

येथे थांबावे

तीन ठिकाणी घरगुती दुरुस्ती थांबली पाहिजे. पहिले ठिकाण भिंत. जस्तलेपित लोखंडी नळ क्षारांनी आतून पोखरले जातात. वरून धड दिसणारा सांधा पान्याच्या एका झटक्यात मोडतो आणि त्याचा तुकडा भिंतीतच राहतो. तेल सोडूनही सांधा हलत नसेल, तर पाना खाली ठेवावा. भिंतीवर ओल वाढत असेल किंवा पोपडे धरत असतील, तर वाहिनी बदलण्याची वेळ आली असे मानावे.

दुसरे ठिकाण वीज. गीझरला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि त्याची सुरक्षा झडप कधीही बुजवू नये. याहून मोठा धोका सहसा ध्यानात येत नाही. काही जुन्या घरांत विजेचे अर्थिंग लोखंडी पाण्याच्या नळाला जोडलेले असते. तो नळ काढून प्लास्टिकची वाहिनी टाकली की अर्थिंग तुटते आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे गीझरमध्ये बिघाड झाला, तर अंघोळ करणाऱ्याला विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून लोखंडी नळ बदलण्यापूर्वी विद्युत तंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिॲम्पिअरचे गळती संरक्षक यंत्र बसवावे.

तिसरे ठिकाण गटार. मोरीतील केस व साबणाचा गाळ काढण्यापर्यंतच घरमालकाचे काम. चेंबरपलीकडचा तुंबारा मंडळाकडे नोंदवावा. कोणालाही गटारात किंवा मैलाटाकीत उतरवू नये, अगदी तो स्वतः तयार असला तरीही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार असे काम करून घेणे गुन्हा आहे. गटारातील मृत्यूसाठी किमान ३० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. त्या कोंडलेल्या जागेतील वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही बळी पडतो.

थोडक्यात, दोन पाने, टेफ्लॉन टेप, काही वायसर आणि बादली एवढ्या साहित्यावर जुन्या न्हाणीघरातील नित्याच्या बहुतेक तक्रारी दूर होतात. दुरुस्तीनंतर नळाखाली कोरडा कागद पसरून रात्रभर ठेवावा. सकाळी तो कोरडाच असेल, तर गळती थांबली असे समजावे.