फुगा, रांग आणि आईचा नंबर

मंडळाच्या पिकनिकचं काम अंगावर येण्याचा एक हमखास मार्ग आहे. कमिटीच्या मीटिंगला गैरहजर राहायचं, की झालं! माझ्याकडे 'गेम्स' आले ते असेच. फुग्यांची रिले घ्यायची, त्यात काय मोठंसं, असं म्हणून मी शंभर फुग्यांचं पाकीट आणलं आणि निर्धास्त झालो.

त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. पार्कमध्ये मी चाळीस जणांच्या दोन रांगा केल्या, पुरुषांची एक आणि बायकांची एक. गुडघ्यांत फुगा धरायचा, समोरच्या झाडाला वळसा घालून परत यायचं आणि फुगा पुढच्याच्या हातात द्यायचा. पहिले आठ-दहा जण आरडाओरडा करत गेले. मग रांगा विस्कटू लागल्या. कुणी पाणी प्यायला गेलं, कुणी बाळाचा डायपर बदलायला. तेवढ्यात ग्रिलवरची मक्याची कणसं तयार झाल्याची हाक आली आणि उरलेलेही पांगले. बायकांच्या रांगेच्या शेवटी आई एकटीच उभी. पातळाचा पदर खोचलेला, पायात माझ्या बायकोचे स्नीकर्स.

परत येताना गाडीत म्हणाली, "खेळ छान होता रे. माझा नंबर येईस्तोवर सगळे जेवायला गेले, एवढंच."

ती तक्रार करत नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. रात्री कागद-पेन घेऊन बसलो. एका माणसाला झाडापर्यंत जाऊन यायला साधारण वीस सेकंद लागतात. वीस जणांची रांग म्हणजे चारशे सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला खेळ वीस सेकंदांचा आणि नुसतं उभं राहणं सव्वासहा मिनिटांचं! त्याच चाळीस जणांच्या पाच-पाचच्या आठ रांगा केल्या तर सगळा खेळ शंभर सेकंदांत संपतो. कंटाळायला वेळच मिळत नाही, आणि हवं तर तीन फेऱ्या होतात. दोन रांगांमध्ये सहा फूट अंतर धरलं तर पन्नासेक फूट रुंदीची जागा पुरते. फॅक्टरीत हेच गणित मी रोज करत होतो. पिकनिकला मात्र डोकं घरी ठेवून गेलो होतो.

दुसरी चूक गुडघ्यांची. पातळ नेसलेल्या बाईने गुडघ्यांत फुगा धरायचा कसा? म्हणजे आईचा नंबर आला असता तरी पंचाईतच होती. मग तिला विचारूनच नवे प्रकार ठरवले. कागदी प्लेटवर फुगा ठेवून, हात न लावता चालत जायचं. किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घालत फुगा जमिनीवरून पुढे न्यायचा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी खुर्च्यांची रांग: फुगा डोक्यावरून मागे द्यायचा आणि शेवटच्याकडून बाजूने पुढे आणायचा.

फुगा हे यासाठी फार सोयीचं खेळणं आहे. त्याचं वजन दोन-तीन ग्रॅम, पण आकार मोठा. त्यामुळे हवा त्याला अडवते आणि तो सावकाश खाली येतो. चेंडू झेलायला सत्तरीतल्या हाताला वेळ मिळत नाही, फुग्याला मिळतो. रबरी फुगा पहिल्यांदा बनवला तो मायकेल फॅरडेने, १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी. रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून त्याने कडा दाबल्या आणि आतून चिकटू नयेत म्हणून पीठ भुरभुरलं. आपल्या बायका करंजीच्या कडा दाबतात, तसंच काहीसं!

आता थोडं कामाचं. माणसांच्या दीडपट फुगे धरा. हातपंप वापरा आणि फुगा पाऊणच भरा, म्हणजे लवकर फुटत नाही. भरलेले फुगे उन्हात गाडीत ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि फटाफट आवाज सुरू होतात, हा स्वानुभव. मैदानावर वारा असेल तर फुग्यात चमचाभर पाणी घाला. लेटेक्सची ॲलर्जी कुणाला आहे का ते आधी विचारा. असेल तर प्लास्टिकचा बीच बॉल घ्या, खेळ तोच.

एका बाबतीत मात्र हयगय नको. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार फुग्यांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो: न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने आठ वर्षांखालचं मूल गुदमरू शकतं. तेव्हा फुटलेले तुकडे लगेच उचलायला एक माणूस नेमा, आणि रिकामे फुगे मुलांच्या हाती देऊ नका. शेवटी सगळे फुगे आकाशात सोडायची हौसही नको. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत तर आता त्याला कायद्याने बंदी आहे.

नवी पद्धत गणपतीला शाळेच्या जिममध्ये करून पाहिली. आठ रांगा, प्रत्येकीत एक आजी किंवा आजोबा, दोन मुलं आणि दोन मोठी माणसं. नवरा-बायको एका रांगेत नाहीत. समोरच्या खुणेपाशी फुगा पाच वेळा हाताने उडवायचा आणि मोजायचं मराठीत, पण सत्तावीसपासून! इथे वाढलेली मुलं अठ्ठावीसपर्यंत येतात आणि मग 'वीस-नऊ' म्हणतात. आईच्या रांगेतला अकरा वर्षांचा मुलगा तिथेच अडला. आई मागून ओरडली, "एकोणतीस रे, एकोणतीस!" तो ओरडला, "एकोणतीस!" आणि फुगा खाली पडता पडता त्याने उचलला. मग आई प्लेट घेऊन गेली, एकतिसापर्यंत मोजून परत आली. त्यांची रांग सहावी आली. खेळ संपल्यावर तो मुलगा तिच्याजवळ येऊन बसला. थर्टी-नाईनला काय म्हणतात, हे त्याला विचारायचं होतं. महाप्रसादाची हाक आली तेव्हा दोघं एकोणसाठपर्यंत पोचले होते.

घरी जाताना गाडीत आईने नंबराचा विषय काढला नाही. पाय दुखतात म्हणाली.