शोकाच्या काळात झाडांची सोबत

▪ शोकाची चाल : उट्रेख्त विद्यापीठातील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार शोकाकुल माणूस कधी आठवणींत बुडतो, तर कधी रोजच्या व्यवहारात गुंततो. ही ये-जा स्वाभाविक असते. घरच्यांबरोबर झाडांमधून मारलेल्या फेरफटक्यात दोन्हींना जागा मिळते. शेजारी चालताना नजर टाळूनही बोलता येते. मुलांना ते विशेष सोपे जाते.

▪ किती वेळ? इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व मनःस्वास्थ्य अधिक चांगले असल्याचे सांगितले. हा वेळ सलग असो वा तुकड्यातुकड्यांत, फरक आढळला नाही.

▪ स्मृतीची झाडे : राजस्थानातील पिपलांत्री गावाचे तत्कालीन सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांनी लेक गमावल्यावर तिच्या स्मरणार्थ झाड लावले. पुढे गावात मुलगी जन्मली की १११ झाडे लावण्याची प्रथा पडली. राखीपौर्णिमेला तिथे झाडांना राख्या बांधतात. महाराष्ट्रातही काही कुटुंबे रक्षा नदीत न सोडता शेतातल्या खड्ड्यात टाकून त्यावर रोप लावतात.

▪ डॉक्टरांकडे कधी? सहा महिन्यांनंतरही शोकाची तीव्रता तशीच राहून रोजचे जगणे अडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर अजिबात थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन : १४४१६.