कारखान्यांच्या गावातले मांडव

पिंपरी-चिंचवडमध्ये कार्यक्रमाची तारीख काढताना पंचांगाच्या आधी गुरुवार पाहावा लागतो. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या एमआयडीसीतल्या बहुतेक लहानमोठ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकदम पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले, त्यातून ही पद्धत पडली आणि पुढे चाकणपर्यंत गेली. रविवारी संध्याकाळी सभागृह घेतलं, पुण्याहून नामवंत वक्ता आणला, तरी ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो माणूस सेकंड शिफ्टला मशीनवर उभा असतो. या शहरात साठेक वर्षांत जे कार्यक्रम नेटके पार पडले, त्यांच्या आयोजकांना ही गोष्ट कुणी सांगावी लागली नाही. ते स्वतःच त्या शिफ्टमधले होते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ची. एमआयडीसी १९६२ साली आली, नगरपालिका १९७० साली आणि महापालिका १९८२ साली. म्हणजे कारखाने आधी, शहर नंतर. साताऱ्याकडून, मराठवाड्यातून, खानदेश-विदर्भातून आलेल्या माणसांना एकमेकांची ओळख नव्हती. ती झाली कंपनीच्या गणपतीत आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून झेंडूची माळ घातली जायची, बायकामुलं पहिल्यांदा शॉप पाहायला यायची. ‘हे बाबांचं मशीन’ असं मुलाला दाखवताना बापाचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. त्या एका दिवसासाठी डिपार्टमेंटनिहाय वर्गणी, स्टोअरवाल्याकडे सामान, कँटीनवाल्याकडे प्रसाद, टाइम ऑफिसकडे गेटपास अशी कामं आपसूक वाटली जायची. कार्यक्रम करण्याचं पहिलं शिक्षण इथेच मिळालं. पुढे टेल्कोतल्या कलासागरसारख्या मंडळांतून आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून ते रंगमंचावर गेलं. दिवसभर लेथवर काम करून रात्री तालीम करणाऱ्यांनी इथला प्रेक्षक घडवला, असं माझं ठाम मत आहे.

पण या पट्ट्याची कार्यक्रमाची विद्या नुसती कारखान्यातून आली नाही. भोसरी, चिखली, मोशी, चाकण ही मुळात यात्रांची गावं. देवाची पालखी, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाड्यांचा घाट आणि यात्रा संपली की चारचौघांसमोर वर्गणीचा हिशेब. हिशेब उघडपणे मांडल्यामुळे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला तोंड राहतं, हे गावकीला पक्कं ठाऊक. बैलगाडा शर्यतींवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१च्या आदेशाने उठली आणि मे २०२२मध्ये चिखलीत चार दिवसांची भव्य शर्यत झाली. तेव्हा लाखोंचं बक्षीस बातमीत आलं. गाड्यांची नोंद, क्रमवारी, जनावरांचं पाणी आणि घाटावरची शिस्त सांभाळणारी माणसं मात्र याच जुन्या यात्रांतून तयार झालेली होती.

त्याहून जुनी शाळा वारीची. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवलेली पालखी दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते आणि मग पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला जाते. माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे येते. एवढ्या मोठ्या समुदायाची एक रात्र सांभाळणं हे काम शहर दर वर्षी करतं आणि बोलत नाही. आकुर्डीत त्या संध्याकाळी गल्लीबोळांतून फिरलं की कळतं. कुठे पिठलं-भाकरीची पंगत, कुठे शाळेच्या वर्गातले बाक हलवून सतरंज्या अंथरलेल्या. रस्त्याकडेला चप्पल सांधून देणारा कारागीर बसलेला, शेजारी दाढी करणारा नाभिक, त्याच्या पुढे पायाच्या फोडांना मलम लावणारे डॉक्टर. पैसे कुणी घेत नाही. दिंड्यांचा क्रम ठरलेला, विणेकरी ठरलेला, उतरायची जागाही पिढ्यान्‌पिढ्या तीच. नवी दिंडी आली तरी गोंधळ होत नाही, कारण आपलं काम काय आणि कुठवर, हे प्रत्येकाला माहीत असतं. कार्यक्रमाच्या नियोजनावर पुस्तकं वाचणाऱ्यांनी एकदा हा मुक्काम रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत पाहावा.

कारखान्यांनी या परंपरेत स्वतःची एक भर घातली, तिची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. जपानमध्ये १९६२ साली क्वालिटी सर्कलची चळवळ सुरू झाली. हैदराबादजवळच्या भेलच्या रामचंद्रपुरम कारखान्यातून ती ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर भारतात आली आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तिने चांगलं मूळ धरलं. सहा-सात कामगारांचं सर्कल आपल्या कामातली एक अडचण निवडतं, तिच्या मुळाशी जातं, उपाय करतं आणि मग अधिवेशनात मंचावर उभं राहून ते सांगतं.

हे दृश्य जवळून पाहिलं की विसरता येत नाही. कंपनीच्या निळ्या नाहीतर राखाडी गणवेशात, बूट चकचकीत करून आलेले कामगार. पहिल्याच्या हातातला कागद थरथरतो. ‘नमस्कार, आमच्या सर्कलचं नाव...’ एवढं म्हणेपर्यंत घसा कोरडा पडतो. मग पडद्यावर माशाच्या सांगाड्यासारखी फिशबोन आकृती येते, बोअरचं माप का चुकत होतं याची कारणं एकेका काट्यावर दिसू लागतात आणि त्याचा आवाज स्थिर होतो, कारण आता तो त्याच्या मशीनबद्दल बोलत असतो. वेळ संपत आल्याची घंटा होते, परीक्षक प्रश्न विचारतात, उत्तर मराठीत येतं, तेही नेमक्या आकड्यांनिशी. पूर्वी हे सगळं ओएचपीच्या पारदर्शक कागदांवर हाताने रेखलेलं असायचं; पुढे पॉवरपॉइंट आला. एकाच दिवशी अनेक दालनांत शेकडो कामगारांना वेळेवर मंच, माइक, जेवण आणि गुणपत्रिका देणारी ही अधिवेशनं मला अनेक विद्वत्परिषदांपेक्षा सरस वाटतात. तिथे भाषणं लांबत नाहीत. लांबली तर पुढच्या सर्कलचा वेळ जातो आणि पुढचं सर्कल तिसऱ्या शिफ्टहून थेट आलेलं असू शकतं.

कारखाना, यात्रा आणि वारी या तिन्ही शाळांची परीक्षा जानेवारी २०१६मध्ये झाली. आदल्या वर्षीचं साहित्य संमेलन पंजाबात घुमानला झालं होतं आणि त्याचे अध्यक्ष होते देहूचे सदानंद मोरे. त्यानंतरचं ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १५ ते १८ जानेवारीला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या (एच. ए.) मैदानावर भरलं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस, स्वागताध्यक्ष डॉ. पी. डी. पाटील. डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाची सगळी यंत्रणा पाठीशी होती. आधीचे काही दिवस संमेलनाध्यक्षांच्या पंतप्रधानांविषयीच्या वक्तव्यावरून वादळ उठलं, निषेध झाले, अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पोलीस बंदोबस्तात संमेलन पार पडलं. थाटामाटावर टीकाही झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती, पण तीच तेवढी लक्षात ठेवणं अन्यायाचं आहे. ‘कामगारांच्या गावात साहित्य कोण ऐकणार’ हा प्रश्न त्या चार दिवसांनी निकालात काढला. ग्रंथदालनांतल्या गर्दीत गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली माणसं दिसत होती, कामावरून परस्पर आलेली.

मैदानाची निवड मला आजही अस्वस्थ करते. देशात पेनिसिलीन बनवणारी ही सरकारी कंपनी तेव्हा डबघाईला आली होती, कामगारांचे पगार थकले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. मांडवाच्या आत भाषेच्या भवितव्याची चर्चा आणि कुंपणापलीकडे थकलेल्या पगाराची चिंता, या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या. त्या कामगारांचा एक परिसंवाद मुख्य मांडवात व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा काळ वेगाने गेला. २०२०मध्ये मेळावे बंद झाले आणि मेळाव्यांच्या जागा रुग्णालयं झाल्या: नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर सुमारे ८०० खाटांचं जम्बो कोविड रुग्णालय, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्येही रुग्ण. महामारीने लांबवलेलं शंभरावं नाट्यसंमेलन अखेर ६ आणि ७ जानेवारी २०२४ला जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात झालं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे, पिंपरीचं आचार्य अत्रे, भोसरीचं अंकुशराव लांडगे, पिंपळे गुरवचं निळू फुले अशी नाट्यगृहं गाठीशी असल्यावरच असं संमेलन पेलतं. मोशीच्या प्रदर्शन केंद्रावर दर डिसेंबरला ‘किसान’ हे शेती प्रदर्शन भरतं. तिथे कोपरगावचा ऊसवाला आणि बारामतीचा द्राक्षवाला एकाच ठिबक संचापुढे उकिडवे बसून नोझल हातात घेऊन पाहतात. या प्रदर्शनाच्या यशाची ही खूण मला प्रवेशसंख्येपेक्षा मोलाची वाटते.

आता काय बिघडलं, तेही सांगतो. इव्हेंट कंपन्या आल्या, मांडव चकाचक झाले, आवाजाची यंत्रणा सुधारली. पण कार्यकर्ता पाहुणा झाला. सत्काराला शाल घेणारे पंधरा आणि खुर्च्या उचलणारे भाड्याचे. सहाला सुरू होणारा कार्यक्रम मान्यवर येईपर्यंत साडेसातला, आणि फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे पाचला उठणारा माणूस मध्यंतराआधीच निघून जातो. फलक मोठा, हिशेब गुलदस्त्यात. यात्रेत जी गोष्ट उघडपणे मांडली जायची, ती आता विचारणंही वाईट दिसतं. चाकणची अवस्था आणखी कठीण. लाखो हात तिथे काम करतात, त्यातले बरेच परगावचे, खोलीवर राहणारे. संध्याकाळी तळेगाव चौकात अडकलेल्या बसमध्ये बसून ते आमच्या चिंचवडच्या व्याख्यानमालेला कसे पोचणार?

म्हणून शहरातल्या मंडळांना, साहित्य संस्थांना आणि उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी करताना निदान एक कार्यक्रम चाकणमध्ये ठेवा, गुरुवारी ठेवा, सकाळी दहाला ठेवा. नाइट शिफ्टवाल्यासाठी तोच दुपारी चारला पुन्हा करा. पाहुणे आले नसले तरी ठरल्या मिनिटाला सुरू करा. आणि संपल्यावर आठ दिवसांत खर्चाचा कागद फलकावर लावा.