जुना गॅस गिझर : गैरसोय कुठली, धोका कुठला?

थंडी पडू लागली की देहूरोड, किवळे, विकासनगर परिसरातल्या घरांत पहाटेच गॅस गिझर सुरू होतात. कुणाला पहिल्या पाळीला जायचे असते, कुणाला लोकल गाठायची असते, मुलांची शाळा असते. बादलीभर पाणी तीन-चार मिनिटांत तापते, विजेचे बिल वाढत नाही, म्हणून हे यंत्र घरोघरी पोहोचले. मात्र अनेक घरांत बसवल्यापासून ते कुणी उघडून पाहिलेले नसते. भाड्याच्या खोलीत तर खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, यावरच दुरुस्ती अडून राहते.

जुन्या गिझरचे काही बिघाड केवळ गैरसोयीचे असतात. काही जिवावर बेततात. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

गिझर पेटतच नाही

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्यामुळे गॅसचा मार्ग उघडतो आणि सेलवर ठिणगी पडते. म्हणून आधी सेल पाहावेत. गिझरमध्ये बहुधा दोन मोठे सेल असतात. ते उतरले की ‘टकटक’ मंद होते किंवा थांबते. सेल ठीक असतील तर पाण्याचा दाब पाहावा. टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर दाब कमी पडतो. पाणी आत येते तिथली जाळी गाळाने भरली तरी असेच होते. सेल बदलणे आणि पाणी बंद करून जाळी धुणे ही कामे घरी करता येतात. आतला पडदा कडक झाला असेल किंवा फाटला असेल तर मेकॅनिकच हवा.

पेटतो आणि विझतो

बऱ्याच गिझरमध्ये सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नाही, सुरक्षा आहे. पण गिझर मिनिटभरातच विझत असेल तर ज्योत ओळखणारी काडी काजळलेली असू शकते, सिलिंडर संपत आलेला असू शकतो किंवा यंत्र फार तापत असू शकते. काही गिझर हवेतला प्राणवायू कमी झाला तरी बंद होतात. अशा वेळी पुन:पुन्हा पेटवून आंघोळ उरकू नये आणि ‘सेन्सर काढून थेट जोडून द्या’ असे मेकॅनिकला मुळीच सांगू नये.

पाणी कोमटच येते

बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार तांब्याच्या नळीत आतून साचतात. मग गॅस तेवढाच जळतो, पण उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. नळी साफ करून घ्यावी लागते. पाइपने येणारा गॅस नव्याने घेतला असेल तर सिलिंडरवर चालणारा जुना गिझर तसाच जोडू नये. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात.

ज्योत पिवळी, पत्रा काळा

इथे थांबावे. निळी, स्थिर ज्योत म्हणजे गॅस नीट जळतो आहे. पिवळी, लवलवणारी ज्योत, पत्र्यावर किंवा भिंतीवर काजळी, डोळे चुरचुरणे ही अर्धवट ज्वलनाची लक्षणे आहेत. बर्नरमध्ये धूळ, कोळ्यांची जाळी साचली किंवा नळीभोवतीच्या पट्ट्या काजळीने बुजल्या की असे होते. साफसफाई होईपर्यंत हा गिझर वापरू नये.

गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कुठलेही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळीवरची मुदत उलटली असेल तर ती तडा जाण्याची वाट न पाहता बदलावी.

वास नसलेला वायू

गॅसगळती नाकाला कळते, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. अर्धवट ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्त फिरत राहते, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

गिझर चांगला असला तरी लहान, बंद बाथरूममध्ये हा धोका असतोच. स्वयंपाकाच्या एका बर्नरच्या तुलनेत तो कित्येक पट गॅस जाळतो आणि तेवढीच हवा ओढतो. हवा कमी पडू लागली की निळी ज्योतही बिघडते. एकामागून एक आंघोळी झाल्या तर शेवटी जाणाऱ्याला सर्वांत जास्त वायू मिळतो. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. ताजी हवा आत यायलाही वाट हवी. थंडी लागते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावणे म्हणजे तीच वाट बुजवणे.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायांतले बळ जाणे ही पहिली लक्षणे. ती पित्त, उपवास किंवा रक्तदाब यांच्या नावावर खपून जातात. काहींना बाथरूममध्येच झटके येतात आणि त्यांना अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत केल्या आहेत. म्हणून चक्कर किंवा झटका बाथरूममध्ये आला असेल तर ‘घरात गॅस गिझर आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेतही तो ९८ दाखवू शकतो; निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

कुणी आत बेशुद्ध पडले तर

दार उघडून आधी त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. रेग्युलेटर दुसऱ्या कुणीतरी बंद करावा. आपण आत रेंगाळू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर छातीदाब सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. शुद्ध आली तरी तपासणी टाळू नये. काही रुग्णांत विस्मरण, चालण्यातला अडखळतेपणा आठवड्यांनंतर दिसू लागतो. गरोदर स्त्रीला बरे वाटले तरी पोटातल्या बाळाला धोका राहतो, त्यामुळे तिला रुग्णालयात नेलेच पाहिजे.

खरी दुरुस्ती

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावून आत फक्त गरम पाण्याचा नळ घेणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. आंघोळ चालू असताना गिझर चालू नको. लहान मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी आतून कडी लावू नये. दिवाळीच्या आधी घर झाडताना गिझरचीही तपासणी करून घ्यावी. बर्नर उघडून साफ करायला सांगावे आणि काम झाल्यावर ज्योत निळी आहे ना, हे स्वतः पाहावे. घर भाड्याचे असेल तर खर्चाचा वाद नंतर मिटवता येईल. तोवर पाणी शेगडीवर तापवावे.